गाडीचं उजवं दार

पार्किंगचे नकाशे काढण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. घाटकोपरला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी ड्राफ्ट्समन आहे. आर्किटेक्ट नव्हे. माझं लग्न जमवताना आई तसं सांगायची, ते सोडा. आमचे साहेब कागदावर दोन रेघा मारून "बघ जरा" म्हणतात, आणि त्या दोन रेघांत ऐंशी गाड्या बसवायचं काम माझं. खांब हलवता येत नाहीत, लिफ्ट हलवता येत नाही, महापालिकेचा नियम तर अजिबात हलत नाही. मग उरतात गाड्या, त्या हलवायच्या. या कामात माझा हात धरणारा आमच्या ऑफिसात कुणी नाही आणि हे मला चांगलं ठाऊक होतं. त्या माजाचंच हे सगळं फळ आहे, असं आता वाटतं.

नकाशात गाडी म्हणजे एक चौकोन. अडीच मीटर रुंद, साडेपाच मीटर लांब. वरून बघितलेला. त्यात कुणी बसलेलं नसतं, कुणाला उतरायचं नसतं. अपंग चालकासाठी जी जागा ठेवावी लागते ती रुंद असते. गाडीच्या चौकोनाला लागून तिरप्या रेघांचा एक पट्टा येतो. तो मोकळा ठेवायचा, म्हणजे दार पूर्ण उघडून, शेजारी चाकाची खुर्ची लावून माणसाला उतरता येतं. हे सगळं आम्ही दर वेळी नव्याने काढत बसत नाही. चौकोन, पट्टा आणि खुर्चीचं चित्र असा एक तयार ठोकळा कॉम्प्युटरमध्ये असतो, त्याला आम्ही ब्लॉक म्हणतो. कुणीतरी कधीतरी परदेशी संग्रहातून उतरवून घेतलेला, पेन ड्राइव्हवरून या ऑफिसातून त्या ऑफिसात फिरत आलेला. उचलायचा, ठेवायचा, पुढच्या कामाला लागायचं. मी तो ब्लॉक किती इमारतींत ठेवला असेल, देव जाणे. त्यातली एक इमारत आमची स्वतःची होती.

माझी ताई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. दीड वर्षाची असताना तिला पोलिओ झाला आणि दोन्ही पाय गेले. बाबा तेव्हा गिरणीत होते आणि आम्ही मुलुंडला तीन मजली बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहायचो, लिफ्ट नसलेल्या. सातवीपर्यंत आईने तिला कडेवर घेऊन शाळेत नेलं. मग कॅलिपर आले, कुबड्या आल्या, कॉलेज झालं, बँकेची परीक्षा झाली. घाटकोपरच्या शाखेत ती लागली तेव्हा तिला बाजूला चाकं लावलेली स्कूटर मिळाली. पुढे खुर्ची आली, आणि आम्ही त्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर आलो. ताईला कुणी दिव्यांग म्हटलं की ती फिस्कारायची. "अपंग म्हणा हो. मला समजतं, तुम्हालाही समजतं."

आणि मग, पस्तिशी उलटल्यावर, तिने गाडी घेतली. गिअर नसलेली, स्टिअरिंगजवळ एक लांब दांडा बसवलेली. दांडा ढकलला की ब्रेक, ओढला की वेग. पायांचं काही कामच नाही. ती शिकत होती तेव्हा एकदा मी शेजारी बसलो आणि एलबीएस रोडवर भांडुपपर्यंत जीव मुठीत धरून गेलो. "तू असा सीट धरून बसलास तर मला वाटेल मीच काहीतरी चुकतेय," ती म्हणाली. मी सीट सोडली. शिकून होईपर्यंत तिने मला परत बरोबर घेतलंच नाही.

गाडी आल्यावर घरात एक नवीनच प्रकार सुरू झाला. ताई उशिरा यायला लागली. आई गॅलरीत उभी, माझा फोन चालू. ही आरामात येणार.

"कुठे होतीस?"

"ऐरोलीच्या पुलावर."

"काय काम होतं?"

"काही नाही. उगीच."

हा "उगीच" तिच्या तोंडून आम्ही आधी कधीच ऐकला नव्हता. तोवर ती जिथे गेली तिथे कुणीतरी नेलं म्हणून गेली, आणि नेणाऱ्याला कारण सांगावं लागतं. कारण नसताना कुठे जाणं ही चैन तिला पस्तिशीनंतर मिळाली. खाडी बघून यायची, कधी गोरेगावला आरेच्या झाडीतून चक्कर मारून यायची. आईने दोन-चार वेळा आरडाओरडा केला आणि मग सोडून दिलं.

तिचा एक नियम मात्र होता, आणि तो सगळ्या घराला पाळावा लागे. गाडीत चढताना आणि उतरताना तिला कुणी बघितलेलं चालत नसे. मीसुद्धा नाही. आम्ही बरोबर आलो की इंजिन बंद करायच्या आधी म्हणणार, "तू हो पुढे. दार उघडून ठेव." मी घराचं दार उघडून उभा राहायचो. पाचेक मिनिटांनी खुर्चीच्या चाकांचा आवाज यायचा, केस नीट केलेले, पर्स मांडीवर. मी कधी मागे वळून बघितलं नाही. याला मी मोठ्या मनाने तिचा मान राखणं समजत होतो.

आमची जुनी बिल्डिंग पडायची ठरली आणि त्या जागी चौदा मजली टॉवर यायचा ठरला, तेव्हा काम आमच्याच ऑफिसला मिळालं. माझ्या छातीत आनंद मावेना. खालच्या मजल्यावर पार्किंग, आणि त्यात लिफ्टला अगदी लागून, पहिल्याच खांबाशी, मी ताईची जागा काढली. ब्लॉक उचलला, ठेवला. मग प्रिंट काढून घरी नेली आणि जेवणाच्या टेबलावर पसरली. "ही तुझी. लिफ्टपासून सात पावलं." ताईने बोट ठेवून बघितलं आणि म्हणाली, "पावलं मोजून मला काय सांगतोस?" आम्ही दोघंही हसलो.

पण नकाशात काढलेली जागा सोसायटीत मिळतेच असं नाही. ताब्याच्या आधी पार्किंगच्या चिठ्ठ्या टाकायच्या असतात, आणि त्या सभेत सख्खे शेजारी एकमेकांचे वैरी होतात. ताईच्या जागेची चिठ्ठी टाकायची नाही, ती तिलाच द्यायची, असं सेक्रेटरींनी वाचून दाखवल्यावर मागून एक जण उठला. "एका मेंबरला दीड गाडीची जागा? तीही लिफ्टला चिकटून? आमच्या गुडघ्यांचं काय मग?" दुसरा म्हणाला, "बँकेत जाते ना रोज, गाडी चालवते. एवढी काय अडचण आहे?" हॉलमध्ये कुजबुज वाढली. मंजुरी हातातून चाललीय असं मला दिसलं.

मी उभा राहिलो. आणि बोललो. अडचण काय आहे विचारता ना, मग ऐका, म्हटलं. दोन्ही पायांत कमरेपासून खाली जीव नाही. घरात ती फरशीवरून बसून सरकते. न्हाणीघरात जायला उंबरा आडवा आला तर हातांवर अंग उचलते. आई सत्तरीची आहे, अजून तिला उठवून बसवते. पन्नास-साठ माणसांसमोर मी हे एकेक सांगत गेलो, आणि माझा आवाज भरून आला, तोही खोटा नव्हता.  मघाचा गुडघेवाला खाली बघायला लागला. हात वर झाले आणि ठराव एकमताने मंजूर झाला.

ताई शेवटच्या रांगेच्या कडेला खुर्चीत होती. मी तिच्याकडे विजयाने बघितलं. ती मांडीवरच्या ओढणीची गाठ सोडवत होती.  घरी दार लावून घेतल्यावर बोलली ती आई. आई चिडली की सरळ मालवणीत यायची. "मेल्या, घरातला असा भायर कशाक काढलंस?" मी म्हटलं, जागा मिळाली ना? आई म्हणाली, "गावली. पन तिचा तोंड बघितलंस?"

मी बघितलं होतं. पण मला वाटलं, लाजली असेल, होईल दोन दिवसांत ठीक. तशी ती झालीही.

नव्या घरात आलो. पहिल्याच महिन्यात ताईच्या पट्ट्यावर मोटारसायकली लागायला लागल्या. मोकळी जागा दिसली की मुंबईत माणसाचा हात आपोआप हँडल वळवतो. ताई जेवताना कुरकुरली. वॉचमनला हाका मारून बाईक हलवून घ्याव्या लागतात, दहा-दहा मिनिटं जातात, म्हणाली. मी ठरवलं, हा प्रश्न कायमचा सोडवायचा. कमिटीच्या मागे लागलो, पत्र दिलं, नियम दाखवला आणि त्या पट्ट्याच्या तोंडाशी तीन लोखंडी पाइप सिमेंटमध्ये रोवून घेतले. दोन पाइपांमधून चाकाची खुर्ची जाईल, बाईक जाणार नाही, असं अंतर मी स्वतः टेप लावून काढलं. वर पिवळा-काळा रंग. संध्याकाळी ताई आली तेव्हा मी मुद्दाम खाली थांबलो होतो.

ती गाडीतूनच बघत राहिली.  मग म्हणाली, "मस्त. तू हो पुढे."

अशी सहा वर्षं गेली. मधे आई गेली. ताईची गाडी सकाळी साडेनऊला निघायची, साडेसहाला यायची. मी तिच्याआधी निघायचो, तिच्यानंतर यायचो. येता-जाता पट्ट्याकडे बघायचो. तो नेहमी रिकामा असायचा, आणि तो रिकामा बघून माझं पोट भरायचं. ऑफिसात नव्या माणसांना मी आमच्या सोसायटीचं उदाहरण द्यायचो. नियम कागदावर पाळणारे पुष्कळ, जमिनीवर आणून दाखवावा लागतो वगैरे. ऐकवत नाही आता.

गेल्या वर्षी ताईचा डावा खांदा धरला. आधी कंगवा वर जाईना, मग चहाचा कप. चेंबूरला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी फोटो काढले, खांदा फिरवून बघितला. खांद्यातला स्नायू फाटलाय, बराच झिजलाय, म्हणाले. "रोज या हातावर अंगाचा सगळा भार टाकून काही करता का?" ताई म्हणाली, "खुर्ची ढकलते." डॉक्टर म्हणाले, "खुर्चीने असा एकच खांदा जात नाही. दोन्ही जातात." ताईने उजव्या हाताने पर्स मांडीवर ओढून घेतली.  ऑपरेशनचा फारसा उपयोग नाही, आणि अंग हातावर उचलणं बंद, गाडी बंद, असं त्यांनी लिहून दिलं.

बँकेने तिला घरून करता येईल असं काही काम दिलं. गाडीवर कव्हर चढलं. मी वय, पोलिओ, नशीब असं सगळ्यांवर खापर फोडून मोकळा झालो. ताई खिडकीशी लॅपटॉप घेऊन बसायची. "काय बघतेस?" विचारलं तर म्हणायची, "समोरचे टॉवर."

मग अंधेरीचं काम आलं. पूर्वेला एक व्यापारी इमारत उभी राहत होती, तिच्या तळघरातल्या अपंगांच्या जागा तपासायला मालकाने एका गृहस्थांना बोलावलं होतं. हे स्वतः खुर्चीवाले, स्वतः गाडी चालवत आलेले, साठीच्या आसपासचे, तोंडाने फटकळ. मी नकाशा घेऊन त्यांच्याबरोबर खाली गेलो. जमिनीवर पट्टे नुकतेच मारले होते. त्यांनी एकदा पट्ट्यांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"हे कोणी काढलं?"

"मी."

"गाडी कधी बघितलीय का?"

मला राग आला. म्हटलं, माप नियमाप्रमाणे आहे, पाहिजे तर टेप लावा. ते म्हणाले, "मापाला काय चाटायचंय? गाडी अशी तोंड आत घालून लागली. मोकळा पट्टा डावीकडे. बरोबर? आता सांगा, आपल्या देशात ड्रायव्हर कुठल्या बाजूला बसतो?"

मी हातातल्या नकाशाकडे बघितलं. ते पुढे बोलतच होते. सगळीकडे हाच घोळ आहे, तिकडच्या देशांत ड्रायव्हर डावीकडे बसतो, तिकडचं चित्र तुम्ही लोक डोळे मिटून चिकटवता, पंधरा ठिकाणी मी हेच सांगून आलो. मला त्यातलं निम्मंच ऐकू येत होतं. माझ्या डोळ्यांसमोर आमचा पहिला खांब होता. तो ताईच्या गाडीच्या उजव्या अंगाला आहे. ड्रायव्हरच्या दाराला लागून.

साहेबांना काहीतरी सांगून मी दुपारीच घरी आलो. वर गेलो नाही. कव्हर काढलं, माझ्याकडच्या दुसऱ्या किल्लीने गाडी उघडली, पण डावीकडून, कारण उजवं दार खांबाला लागून एक वीत उघडत होतं. डाव्या सीटवरून पलीकडे सरकून मी ड्रायव्हरच्या जागी बसलो. आता परत उतरायचं, पण पाय वापरायचे नाहीत, असं ठरवलं. डावा हात शेजारच्या सीटवर टेकला, अंग उचललं, मधल्या हँडब्रेकवरून पलीकडे टाकलं. पाय मागे राहिले, ते हाताने एकेक उचलून आणले. मग मागच्या सीटवरची खुर्ची ओढायची, ती जागा नुसती बघितली. माझे दोन्ही पाय धडधाकट, आणि मी घामाने भिजलो होतो. ताईने हे रोज केलं होतं, जाताना एकदा, येताना एकदा, सहा वर्षं, सगळा भार त्याच खांद्यावर घेऊन. बँकेच्या आवारात मोकळी जागा होती, तिथे उजवं दार सताड उघडायचं. खांदा खाल्ला तो घरच्या पार्किंगने. भावाने काढलेल्या.

मी तिथेच गाडीत बसून रडलो. वॉचमन येऊन बघून गेला.

वर गेलो तेव्हा ताई काम करत होती. मी दारातच विचारलं, "पट्टा उलट्या बाजूला आहे, हे तू मला सांगितलं का नाहीस?"

तिने लॅपटॉप मिटला. "कळलं का शेवटी?"

"सहा वर्षं, ताई!"

"पाइप लागायच्या आधी चाललं होतं रे. गाडी पट्ट्यात घुसवायचे, खांबापासून लांब, म्हणजे उजवं दार उघडायचं. बाईक असल्या तर हलवून घ्यायचे. मग तू पाइप ठोकलेस."

"गाडी उलटी लावायचीस. मागून आत घातली की उजवी बाजू पट्ट्याकडे आली असती."

"भिंतीवरचा बोर्ड वाच जाऊन. मागे सोसायटीचं ऑफिस आहे. धूर आत जातो, गाड्या मागून लावू नयेत."

"अगं, मग बोलायचं! मी कमिटीला सांगितलं असतं."

"तेच तर." ती माझ्याकडे सरळ बघत म्हणाली. "पाइप काढायला कमिटीची परवानगी. परवानगीला मीटिंग. मीटिंगमध्ये परत तू उभा राहणार. परत माझे पाय, परत न्हाणीघर."

 मी म्हटलं, "मी तसं नसतं केलं."

"केलं असतंस. तुला वाईट वाटतं ना माझ्याबद्दल, मग तू तेच बोलतोस. आणि लोकांनाही तेच ऐकायचं असतं, त्याशिवाय कुणाचा हात वर होत नाही. एकदा झालं. त्यानंतर महिनाभर लिफ्टमध्ये बायका माझ्या पायांकडे बघून च्यक च्यक करायच्या. त्यापेक्षा खांदा परवडला." मग म्हणाली, "तुझं मन मोडेल म्हणून गप्प बसले असं काही समजू नकोस हां. तेवढी मी चांगली नाही. एकदा मागून मिळालेल्या गोष्टीत खोट काढायची सोय नसते, एवढंच. हिचं समाधानच होत नाही म्हणतात."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. फरक इतकाच की तोंड दाबणारा हात माझा होता, आणि मी तो तिच्या डोक्यावर ठेवलाय अशा समजुतीत होतो. मी तिच्या पायाशी बसलो. माफ कर म्हणालो. ती म्हणाली, "ऊठ, फरशी गार आहे." माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि मला ते मागायचा हक्कही नव्हता.

रविवारी सकाळी मी कुणाला न विचारता कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेटरला घेऊन आलो आणि तिन्ही पाइप बुंध्यातून कापले. आवाज ऐकून सेक्रेटरी खाली आले. मी भांडायच्या तयारीत होतो. त्यांना मी एका वाक्यात सांगितलं, पट्टा चुकून डावीकडे आलाय, उजवीकडे पाहिजे.

"एवढंच?" ते म्हणाले. "अहो मग आधी बोलायचं ना. आम्ही काय नाही म्हटलं असतं? वॉचमनला देऊ का मदतीला?"

त्या माणसाच्या चांगुलपणाचा मला त्या क्षणी इतका राग आला की मी तोंड फिरवून कापलेले पाइप गोळा करायला लागलो. सहा वर्षं अडलेलं काम एका वाक्याचं होतं. पाय, न्हाणीघर, आई, काहीसुद्धा सांगावं लागलं नव्हतं. पहिल्या सभेतही लागलं नसतं कदाचित. नुसतं "नियम आहे" एवढं म्हणून मी खाली बसलो असतो तर? हे मला आता कधीच कळणार नाही.

जुने पट्टे काळ्या रंगाने बुजवले. गाडी डावीकडे सरकवली, खांब आणि गाडी यांच्यात नवे पिवळे पट्टे काढले. माझं काम दुपारपर्यंत आटोपलं. रंग वाळल्यावर ताईला खाली बोलावलं. ती खुर्ची घेऊन त्या पट्ट्यात आली, थेट ड्रायव्हरच्या दारापाशी, आणि उजव्या हाताने दार ओढलं. ते पूर्ण उघडलं. सीट, स्टिअरिंग, दांडा, सगळं तिच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर. उजवा खांदा तिचा अजून चांगला होता, पण एका खांद्याने अंग उचलता येत नाही. तिने दांड्यावरची धूळ बोटाने पुसली आणि दार लावलं.

"छान झालंय," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर चेंबूरला आठवड्यातून दोनदा व्यायामासाठी तिला न्यायचं सुरू झालं. गाडी तीच. दांडा असला तरी खालचे पेडल शाबूत असतात, मी पायांनी चालवतो. ताई शेजारी बसते, डाव्या सीटवर. आणि आता डावीकडे पट्टा नाही. तिथे शेजाऱ्याची गाडी आहे, दार एक वीत उघडतं. म्हणून मी मधल्या रस्त्यातच गाडी उभी करतो, तिला काखेत हात घालून खुर्चीत घेतो, मग गाडी आत लावतो. तेवढ्या वेळात मागे दोन-तीन गाड्या खोळंबतात. आता तिला मला 'तू हो पुढे' म्हणायची सोय नाही, मीच उचलणारा. ती डोळे मिटून घेते.

गेल्या महिन्यात असंच उतरवत असताना मागच्याने हॉर्न दाबून धरला. मी वळून त्याच्यावर ओरडलो. ताई माझ्या हातात, अर्धी गाडीत, अर्धी बाहेर. ती हळूच म्हणाली, "ओरडू नकोस. त्याचं काय चुकलं?"

गाडी लावून मी परत आलो तेव्हा ती तिथेच थांबली होती, पट्ट्यांकडे बघत.

"हे पट्टे परत डावीकडे घे."

"बघू."

"बघू काय? मी आता डाव्या सीटवरच बसणार आहे. डाव्या बाजूला जागा हवी." मग ती म्हणाली, "तुझा पहिला नकाशा आता बरोबर आहे रे. तेव्हा मी गाडी चालवत होते, एवढंच चुकलं."

मी तीन रविवार टाळलं. चौथ्या रविवारी रंगाचे डबे घेऊन खाली गेलो. सेक्रेटरी भेटले, परत काय चुकलं, म्हणाले. काही चुकलं नाही, म्हटलं. पिवळे पट्टे नुसते पुसून जात नाहीत, त्यांच्यावर काळा रंग मारावा लागतो, दोन हात. खांबापासून सुरुवात केली. माझी ताई ज्या बाजूने स्वतःच्या गाडीत बसली असती, ती बाजू मी गुडघ्यांवर बसून माझ्या हाताने बुजवली. मग टेप लावून डावीकडे पट्टे काढले. माप बरोबर आलं होतं. मी दोनदा तपासलं.